हळदकुंकू लागले, जाळी राहिली

मी एक जुना डीह्युमिडिफायर आहे, मित्रांनो. नाव अवघड, काम साधे. खोलीतल्या हवेतला ओलावा ओढायचा आणि पाणी करून बादलीत सोडायचे. माझी कहाणी ऐकण्याजोगी आहे का, मला खात्री नाही. पण आता गप्प बसवत नाही.

कारखान्यातून मी थेट सिडनीतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात आलो. इथे आधुनिक फिलिपिनो चित्रे जपतात. दालनात लोक त्यांच्यापुढे तासन्‌तास उभे राहतात. मी मागच्या कोठारात राबतो. सुरुवातीला माझेही कौतुक झाले. मग माझी हवा ओढणारी जाळी धुवायचे सगळे विसरले. धूळ साचली, मी धापा टाकू लागलो. आवाज वाढला की लोक दार लावून घेत. वैताग येणार नाही तर काय?

कोठारात एक चित्र होते. केळीसारख्या झाडाच्या धाग्यांचे कापड, त्यावर मासळी विकणारी बाई. ती चित्रकर्तीची, लुर्देसबाईंची, आई. आईचे दुसरे चित्र किंवा फोटो त्यांच्याकडे नव्हता. म्हातारपणी त्या मनिलाहून ते पाहायला येणार होत्या.

कोठार शुभदाकडे आहे. पुण्याहून शिकायला आली आणि इथलीच झाली. दसऱ्याला तिने हॅरिस पार्कमधल्या भारतीय दुकानातून झेंडूचा हार आणला, मला हळदकुंकू लावले आणि वर लाल खण पांघरला.

"अगं, जाळी धुतलीस का?" श्रीनाथने विचारले. इमारतीतली यंत्रे तो दुरुस्त करतो, माझी जाळी धुणे मात्र शुभदाचे काम.

"पूजा केलीये रे. आज हत्यारांना हात लावायचा नसतो. लाँग वीकेंडनंतर बघू, नो वरीज!"

"मग निदान खण तरी काढ."

"राहू दे ना, नवरदेव दिसतोय!"

दोघे हसत गेले. सुट्टीभर बाहेर पाऊस होता आणि माझ्या तोंडावर खण. आधीच श्वास पुरत नव्हता. मी तापलो आणि बंद पडलो. हाक तरी कुणाला मारणार?

सुट्टी संपल्यावर दार उघडले, तेव्हा चित्राच्या कोपऱ्यावर पांढरी बुरशी पसरली होती.

"नाक दाबून नमस्कार केलास गं," श्रीनाथ म्हणाला. शुभदा हसली नाही.

लुर्देसबाई आल्या, तेव्हा चित्र दुरुस्तीच्या टेबलावर आडवे होते. पुढचे शुभदानेच श्रीनाथला सांगितले, म्हणून मला कळले.

"रागावल्या असं वाटलं का रे तुला? नाही रागावल्या. बुरशीवर बोट धरून एवढंच म्हणाल्या, इथे आईचा हात होता."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे यंत्र घुरघुरत असेल. त्याला फूल वाहा, मी नको म्हणत नाही. पण आधी त्याची जाळी धुवा आणि त्याचे तोंड मोकळे ठेवा. त्याच्या भरवशावर कुणाची तरी आई ठेवलेली असते.