रामाजींचा गेम कोण पुसत होतं?

मित्रांनो, मला पाहून तुम्ही संगणक म्हणणार नाही. पत्त्यांच्या कॅटएवढी माझी हिरवी पाटी, ना पडदा, ना कळफलक. त्यातून आता मी जुना झालो आहे. तरीही मी संगणकच आहे, आणि नागपुरात लकडगंजच्या एका घरात टीव्हीच्या मागे राहतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. भूमिकाने मला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विकत आणलं. मी दिवे लावून दाखवले, मोटार फिरवून दाखवली, परीक्षकांनी वाहवा केली. आणि दुसऱ्याच दिवशी मी ड्रॉवरमध्ये! वाळलेल्या पेनांच्या आणि तुटक्या रबरबँडच्या संगतीत! असं कोणी करतं का? तो धक्का मला कित्येक वर्षं पचला नाही.

मग एकदा ड्रॉवर उघडला. भूमिकाला नोकरी लागली होती, पण घर मात्र उदास होतं. तिचे बाबा, रामाजी, आयुष्यभर लाकडाच्या धंद्यात राबलेले. त्यांना लकवा मारला होता आणि उजव्या हाताची बोटं चालेनाशी झाली होती. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले होते, हेच महिने महत्त्वाचे आहेत, आत्ता बोटं हलवली नाहीत तर ती कायमची आखडतील. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. रामाजी तो कोपऱ्यात फेकून देत. "मी काय लहान पोट्टा आहो काय?"

भूमिकाला आठवलं, तिच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घरात होता, आणि तिला झोपवून बाबाच खेळत बसायचे. तो डबा कधीच भंगारात गेला होता. म्हणून तिने माझ्यात एम्युलेटर नावाचा प्रोग्राम घातला. म्हणजे मी त्या जुन्या डब्याचं सोंग घ्यायचं. गेमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत! इतक्या सहज फसतो तो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

गेम होता माकडाचा. खड्डे आले की गेमच्या रिमोटचं बटन उजव्या अंगठ्याने दाबून उडी मारायची. पहिले कित्येक दिवस माकड खड्ड्यातच पडलं. मग एका सकाळी ते पलीकडे गेलं. भूमिकाची आई कौशल्याबाई पीठ लागलेल्या हातांनी टाळ्या वाजवत बाहेर आल्या. हळूहळू रामाजी जंगल ओलांडून बर्फाच्या डोंगरापर्यंत पोचले. दुपारी थकले की गेम तसाच चालू ठेवून ते झोपायला जात. गेम जपून ठेवायला दोन बटनं एकदम दाबावी लागत, ते त्यांना जमत नसे. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ते काम भूमिका करी.

मग उन्हाळा लागला, आणि एका संध्याकाळी बर्फाचा डोंगर गायब! माकड पुन्हा पहिल्या खड्ड्यापाशी उभं! मी स्वतः हादरलो. मला एवढंच आठवत होतं की अचानक अंधार झाला आणि मग मी पुन्हा जागा झालो. माझ्यात घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळे मधे किती वेळ गेला तेही मला कळत नाही. हे भुताचंच काम, असं मला वाटू लागलं.

रामाजींनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गेम पुसला गेला. एकदा तर मी उठलोच नाही, नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. भूमिकाने माझं मेमरी कार्ड बदललं, गेम त्यातच साठतो. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण दिसायची, म्हणजे मला वीज कमी पडत होती, म्हणून चार्जर बदलला. मी तापतो म्हणून डोक्यावर चिमुकला पंखा बसवला. सगळं करून शेवटी म्हणाली, "हा डबाच बेकार आहे." मित्रांनो, मी? बेकार?

पण खरा घाव पुढे होता. रामाजींनी रिमोट खाली ठेवला. "राहू दे वं भूमी. मह्या हातानं आता काही होत नाही." त्या दिवसापासून तो हात मांडीवर तसाच पडून राहिला. मला फार वाईट वाटलं.

रविवारी भर दुपारी भूमिका स्वतःच खेळायला बसली, दोष शोधल्याशिवाय उठायचं नाही म्हणून. रामाजी शेजारी आडवे होते. कौशल्याबाई बादली घेऊन आल्या, वाकल्या आणि खट्! मी गेलो. पुढचं मला भूमिकाने मैत्रिणीला फोनवर सांगितलं तेव्हा समजलं.

"आई! बटन काहून बंद केलं?"

"कूलरमंधी पाणी टाकून राहिली ना वं. करंट मारते तो."

कूलरची आणि माझी वायर एकाच बोर्डावर, एकाच बटनावर होती! कौशल्याबाई एकदा कूलरच्या पत्र्याला चिकटल्या होत्या. रामाजींनी कोरड्या लाकडी पट्टीने त्यांचा हात सोडवला होता, आणि तेव्हापासून घरात त्यांचाच नियम होता: बटन बंद केल्याशिवाय कूलरला पाणी नाही. तो नियम पाळून त्या रोज मला मारत होत्या. पाणी भरलं की पुन्हा जिवंत करत होत्या. अशी एकदम वीज गेली की कार्डात आधी जपून ठेवलेलंही बिघडतं. मी ज्याला भूत समजत होतो ते हे होतं!

कौशल्याबाईंच्या हातून बादली सुटली. "म्हणजे तुमची सारी मेहनत मीच पुसत होती?"

रामाजी उठून बसले. "तू बटन बंद करतच जाय. गेम गेला तर गेला. तुले काही झालं असतं, तर मी कोणाच्या भरवशावर राह्यलो असतो?"

भूमिकाने माझी वायर समोरच्या भिंतीला लावली. मी जागा झालो आणि पाहतो तर काय, रिमोट रामाजींच्या हातात! माझ्या कार्डात त्यांचं काहीच उरलं नव्हतं. मी घाबरतच पहिला खड्डा दाखवला. माकडाने उडी मारली. दुसरा खड्डा, तिसरा, मग आख्खं जंगल, कुठेही न पडता. रामाजी खेळायचं थांबून आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. "भूमी, हे तर सारं इथंच हाये वं," ते म्हणाले आणि रडू लागले.

मित्रांनो, आम्हा छोट्या यंत्रांची वायर एकदम उपटू नका. आधी नीट बंद करा, आमच्या पोटात कुणाचे तरी कष्ट असतात. पण कुणाचा हात कूलरजवळ असेल, तर मला मुळीच विचारू नका. बटन दाबा.