नळीतून श्वास ओढायचा नसतो

माझे संपूर्ण नाव ‘झडपयुक्त पारदर्शक स्पेसर’ आणि वय दहा महिने पूर्ण. आमच्या कुळाचे आयुष्यच जेमतेम वर्षभराचे असते. तेव्हा मी वयोवृद्ध आहे हे ध्यानी घेऊन वाचकांनी माझे बोलणे मध्येच तोडू नये, ही विनंती.

माझा जन्म साच्यात झाला. एका टोकाला औषधाचा पंप बसेल असे छिद्र, दुसऱ्या टोकाला ओठांत धरावयाची चोच आणि चोचीच्या आत एक नाजूक झडप. काम सांगायला सोपे आहे. पंप दाबला की औषधाचा फवारा घशावर आदळून वाया जाण्याऐवजी क्षणभर माझ्या पोटात तरंगतो. तेवढ्यात माणसाने तो सावकाश आत ओढावा, श्वास थोडा रोखून धरावा आणि मग सोडावा. खोक्यात माहितीपत्रक माझ्या अंगाभोवती गुंडाळलेले होते. अंधारात दुसरा उद्योग नसल्याने मी ते पाठ केले. ज्या घरात मी गेलो, तेथे ते वाचलेला मी एकटाच. यजमानांनी ते डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारले.

यजमानांना सगळे वस्ताद म्हणत. ते काचकारागीर. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यावयाचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकर घालून त्यास आकार द्यावयाचा, यात त्यांची उभी हयात गेली. भट्टीचा धूर आणि जोडीला सिगारेट यांनी त्यांच्या श्वासनलिका सुजून अरुंद झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई या विकाराला सीओपीडी म्हणत. वस्ताद ‘जरासा कफ’ म्हणत. हा विकार पुरता जात नाही, परंतु ताब्यात ठेवता येतो, असे बाईंनी सांगितले होते. त्यांपैकी पहिला अर्धा भाग तेवढा वस्तादांच्या स्मरणात राहिला. माणसे अशीच ऐकतात.

“काचेच्या घरात प्लास्टिक!” मला पाहताच ते गरजले.

“अहो, काच पडली तर फुटेल,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “हे तुमच्यासारखं आहे. आपटलं तर नुसता आवाज.”

औषध घेताना कोणी पाहू नये, असा वस्तादांचा दंडक होता. खिडकीकडे तोंड करून, घराकडे पाठ फिरवून ते मला ओठांत धरीत. नंतर माझ्या अंगावर डाग दिसला की त्यांना राहवत नसे. फडके घेऊन ते मला असे घासत, की मीच लाजावे.

कारखाना खाली, तळमजल्यावर, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. खाली लेक भट्टी सांभाळीत होती. तिला सारे जमत होते. केवळ प्रयोगशाळेसाठी लागणारा लांब मानेचा मोठा चंबू तिच्या हातून तडकत असे. तुकडे घमेल्यात घेऊन ती वर येई.

“बाबा, मान ओढताना पुन्हा गेला. एकदा खाली येऊन बघा ना.”

“औषध लागू पडू दे, येतो,” वस्ताद म्हणत. ते जिन्यापर्यंत जात, कठडा धरून धापा टाकीत आणि परत येत.

असे कित्येक महिने गेले. एके दिवशी त्यांनी मला खणात टाकले.

“आजपासून औषध बंद. काडीचा फरक नाही. आणि लेकीला सांग, भट्टी विझव. चंबू जमत नाही आणि शिकवणारा उतरू शकत नाही, मग नुसता धूर कशाला?”

“मागच्या थंडीत तुम्हाला रुग्णालयात ऑक्सिजन लावून ठेवलं होतं. विसरलात?”

“नाही विसरलो. त्यानंतरच हे औषध सुरू केलं, तरी दम तसाच. माझ्यावर औषध चालत नाही.”

“हे डॉक्टरीणबाईंना तुमच्या तोंडाने सांगा,” असे म्हणून पत्नींनी मला पिशवीत घातले आणि पायांत चपला सरकवल्या.

दवाखान्यात बाईंनी छाती तपासली. त्यांचा चेहरा गंभीर झाला. “औषध वाढवावं लागेल असं दिसतंय. पण आधी, कसं घेता ते दाखवा.”

वस्तादांनी नाइलाजाने मला हातात घेतले. पंप हलवला, दाबला, ओठ घट्ट मिटले आणि कसलेल्या कारागिराच्या ऐटीत जोरदार फुंकर घातली. झडप नित्याप्रमाणे मिटलेलीच राहिली. औषध माझ्या भिंतींवर बसले.

“वस्ताद, तुम्ही फुंकलंत.”

“मग? नळी आहे ना?”

“आत ओढायचं असतं.”

“नळीतून?” विस्तवात हात घाला म्हटल्यावर होईल तसा त्यांचा चेहरा झाला. “बाई, नळी तोंडाला लागली की आत ओढायचं नाही. गुरूंनी पहिल्याच दिवशी थोबाडीत देऊन शिकवलंय. ओढलं तर धग थेट घशात!”

“आणि वर रोज फडक्याने घासतात हो याला!” पत्नी म्हणाल्या.

“घासल्याने औषध भिंतीला आणखी चिकटतं. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा, निथळू द्या. पुसू नका.”

“म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला!” पत्नी हसू लागल्या, हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले.

वस्ताद मात्र हसले नाहीत. “म्हणजे... औषध हरलं नाही?”

“ते अजून तुमच्या छातीत गेलेलंच नाही,” बाई म्हणाल्या.

वस्ताद खुर्चीत मागे टेकले. त्यांचे इतके सैलावलेले खांदे मी पूर्वी पाहिले नव्हते.

आता शिकणे आले. परंतु ओठ ऐकेनात. पुन्हा पुन्हा फुंकरच निघे. अखेरीस बाई म्हणाल्या, “ही नळी नाही, पेला आहे असं समजा. डोळे मिटा आणि सावकाश घोट घ्या.”

त्यांनी डोळे मिटले. माझी झडप जन्मात प्रथमच उघडली. तोवर मी फुलदाणी होतो म्हणा ना. त्या क्षणी स्पेसर झालो.

“आणि तुमची फुंकर फुकट जायची नाही,” बाईंनी सांगितले. “जिन्यावर दम लागला की नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. औषध घेतल्यावर चूळ भरायची. सिगारेट मात्र आजपासून नाही, आणि भट्टीच्या धुरात उभं राहायचं नाही.”

“दारात बसलो तर?”

“वारा पाठीकडून येत असेल तर.”

काही आठवड्यांनी वस्ताद प्रत्येक वळणावर थांबत जिना उतरले. मी सदऱ्याच्या खिशात होतो. दारातील खुर्चीवरून ते लेकीचे हात पाहत राहिले.

“घाई करतेस! काच अजून ऐकायला तयार नाही. फिरव... फिरव... आता ओढ!”

“बाबा, ओरडू नका, दम लागेल!”

“लागत नाहीये!” ते त्याहून मोठ्याने ओरडले. लेक हसली, परंतु नळी फिरवायची थांबली नाही.

आता माझी झडप मुडपली आहे आणि माझ्या जागी नवा स्पेसर आला आहे. निरोप घेताना एवढेच मागणे आहे: औषधाला दोष देण्यापूर्वी ते आपण कसे घेतो, हे एकदा डॉक्टरांना दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

वस्ताद खाली उतरू लागल्यावर थंडी आली आणि गेली. वस्तादांना रुग्णालयात न्यावे लागले नाही. सिगारेट सुटली. चढताना अजून दम लागतो. ते थांबतात आणि पुन्हा चढतात. चंबू आता लेकीला जमतो. भट्टी चालू आहे.