सगळ्यांत शेवटी बोलणारे

सिनेटमध्ये येऊन आठ महिने झाले, तरी एका गोष्टीचा उलगडा माथुसोला होत नव्हता. चहाच्या खोलीत डरकाळ्या फोडणारी ही माणसं सभागृहात शिरली की मूग गिळून का बसतात?

तेहतीस खुर्च्यांचं सभागृह. त्यांतले अकरा नेमलेले, म्हणजे पक्षांचे. उरलेले बावीस गादीवाले, आपापल्या मुलखाचे मोरेना, म्हणजे प्रमुख. आपण कुठल्याच पक्षाचे नाही असं हे बावीस जण निदान तोंडाने तरी म्हणत. माथुसो या बावीसांतली. गादी तिच्या नवऱ्याची, मोरेना त्लालीची. गेल्या हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्याने गेला. मुलगा नव्हता, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं की विधवेने गादी सांभाळावी. गादीबरोबर राजधानीतली, मसेरूतली ही खुर्चीही आली.

पक्षांचं तिला काही कोडं नव्हतं. एक नांगराचा, एक कंदिलाचा. मागच्या वर्षी कंदील फुटला आणि बाहेर पडलेल्यांनी काडेपेटीचा पक्ष काढला. आता काडेपेटीवाले म्हणत, आमच्याशिवाय कंदील पेटतो कसा ते बघू. हे सगळे हात वर करून, पक्षाने दिलेला कागद वाचून खाली बसत. कागदात काय असणार हे कागद उघडायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असे.

कोडं होतं ते गादीवाल्यांचं. अध्यक्षीण बाई विचारत, "आणखी कुणाला बोलायचंय?" की अळीमिळी गुपचिळी. कुणी छताकडे बघतंय, कुणी सुटाच्या बाहीवरचा धागा काढतंय. उत्तरेकडचे मोरेना खेथीसा, वय ऐंशीच्या घरात, काठीवर हनुवटी टेकून डोळे मिटून घेत. शेवटी एखाद्या पक्षवाल्याने घसा खाकरावा, दोन गुळमुळीत वाक्यं बोलावीत, आणि बिल तेलात बुडवल्यासारखं सुळकन पलीकडे जावं. मग चहाची खोली. तिथे गरम, तळलेल्या गोड माक्वेन्या तोंडात कोंबता कोंबता हीच मंडळी त्याच बिलाच्या चिंध्या करीत. रेडिओवाले थट्टा करायचे की सिनेटला उठवू नका, दमलेत बिचारे.

माथुसोही बोलत नव्हती. पण तिचं कारण वेगळं होतं, निदान तिला तसं वाटे. मोरेना शेवटी बोलतो. गावच्या पित्सोत, म्हणजे सभेत, आधी ज्याला बोलायचं तो बोलतो, गुराखीसुद्धा मोरेनाला चार शब्द सुनावून घेतो, आणि सगळ्यांचं ऐकून झालं की मोरेना उठतो. त्याच्यानंतर कुणी बोलत नाही. त्लालीने एकोणीस वर्षं असंच केलं. ती मसेरूला निघाली त्या दिवशी धाकट्या दिराने, मोहालेने, तिला गाडीपाशी गाठून बजावलं होतं.

"वहिनी, एक ध्यानात ठेवा. तिथं सगळ्यांत शेवटी बोलायचं. जो आधी तोंड उघडतो तो रयत. गादी आपल्या घराण्याची आहे, तुम्ही नुसत्या सांभाळायला आहात."

"आणि शेवटी बोलायची वेळच आली नाही तर?"

"तर गप्प बसा. गप्प बसल्यानं कुणाची गादी गेलेली नाही."

तेव्हापासून माथुसो शेवटच्या पाळीची वाट बघत होती आणि ती पाळी काही येत नव्हती.

आणि मग जनावरांच्या कागदाचं बिल आलं.

बैल विकायचा, घोडा दुसऱ्या मुलखात न्यायचा, तर मोरेनाचा कागद लागतो. हे जनावर याचंच, असं लिहून शिक्का मारायचा. नवं बिल म्हणत होतं की हा कागद यापुढे जिल्ह्याच्या कचेरीतच मिळेल. बिल नांगरवाल्यांनी आणलेलं, आणि कंदीलवाल्यांचाही पाठिंबा. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांचं ज्या गोष्टीवर एकमत होतं, तिथे माणसाने आपला खिसा चाचपावा.

माथुसोने गावी, हा-लेफासोला, पित्सो बोलावला. मोकळ्या माळावर घोंगड्या पांघरून दोनशे माणसं बसली. म्हातारा काबेलो उठला. गादीवरच्या बाईला सगळे म्मे, म्हणजे आई, म्हणत.

"म्मे, कचेरी कुठाय आणि मी कुठाय? घोड्यावरून दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. कारकून जेवायला गेला असला तर आणखी एक. कागद हातात येईस्तोवर माझा बैल म्हातारा होईल."

"तूच होशील आधी," मागून कुणीतरी म्हणालं आणि माळ हसला.

काबेलो हसला नाही. "तुम्ही तिथं बसताय ना? मग सांगा त्यांना. एवढंच."

शेवटी माथुसो उठली आणि म्हणाली, "सांगेन." गादीवर बसल्यापासून तिने पित्सोत दिलेला हा पहिला शब्द होता. मोहालेने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरातलं भांडं शेजारी उसनं दिलंय.

मसेरूला परतताना टॅक्सीत ती हिशोब करीत होती. चर्चा गुरुवारी. त्या दिवशीही नेहमीसारखी सगळ्यांनी तोंडं शिवली, तर बिल राजाच्या सहीला जाणार आणि तिला काबेलोसमोर उभं राहावं लागणार. आधी बोलावं, तर घराण्याची मान खाली. शेवटी बोलावं, तर शेवट येतच नाही. त्लालीने काय केलं असतं? एकोणीस वर्षं तो या सभागृहात बसला. घरी आला की घोंगडी उतरवून म्हणायचा, "झालं काम." तिनेही कधी खोदून विचारलं नाही. आता मात्र तिला राहवेना. हा माणूस तिथे बोलायचा तरी काय?

बुधवारी सकाळी ती तळमजल्यावरच्या कागदपत्रांच्या खोलीत गेली. तिथली कारकून लिनेओ, ठेंगणी, नाकावर चष्मा, चटकन उठून उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याची भाषणं बघायचीत. मिळतील?"

"सगळी? म्मे, दुपारचं जेवण आणलंयत का?"

लिनेओने शिडी लावून एकेक खंड खाली काढला. सभागृहात बोललेला प्रत्येक शब्द छापून, वर्षावर्षाचा बांधलेला. टेबलावर रांग लागली तशी माथुसोची नजर शेवटच्या पुस्तकावर गेली. बाकीचे खंड चार बोटं जाड. हे जेमतेम शाळेच्या वहीएवढं.

"हे असं का?"

"हे या वर्षाचं, जूनपासूनचं," लिनेओ म्हणाली. "कोण बोलतच नाही, तर छापू काय? माझी बहीण म्हणते, तुझी नोकरी जाणार."

माथुसोने त्लालीचं पहिलं वर्ष उघडलं. रस्त्यांवरची चर्चा. पक्षांचे कागद वाचून झाले आणि गादीवाल्यांत पहिलं नाव मोरेना त्लाली. तिला वाटलं, योगायोग असेल. तिने पान उलटलं. विहिरींवरची चर्चा, पहिला त्लाली. शाळा, पहिला त्लाली. लोकर, पहिला त्लाली. चार वर्षांची पानं ती उलटत राहिली आणि प्रत्येक ठिकाणी तो सगळ्यांत आधी उभा होता. गावात ज्याने कधी पहिला शब्द काढला नाही, तो माणूस!

पाचव्या वर्षी मात्र पहिलं नाव दुसऱ्याच कुणाचं, आणि त्लाली दुसरा.

"हा कोण?"

लिनेओ वाकली. "त्या वर्षी गादीवर आलेला. नवा."

पुढे त्लाली तिसरा झाला, मग पाचवा. नवा माणूस आला की बाकीचे एकेक पायरी मागे. शेवटी माथुसोने गेल्या वर्षीचा खंड ओढला. पहिला बोलणारा दक्षिणेकडचा तरुण मोरेना राले. प्रत्येक चर्चेत राले. मे महिन्यापर्यंत. मग ते पातळ पुस्तक. जूनपासून गादीवाल्यांतलं कुणीच नाही.

जूनमध्ये कोण आलं होतं, हे तिला लिनेओला विचारावं लागलं नाही.

तिचे कान तापले. म्हणजे खेथीसा काठीवर हनुवटी टेकून झोपत नव्हते. राले बाहीवरचा धागा काढत होता तो उगाच नव्हे. एकवीस माणसं आठ महिने तिच्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि ती त्यांच्या!

तिने पुन्हा पहिला खंड उघडून त्लालीचं पहिलं भाषण वाचलं. "मी इथे सगळ्यांत नवा. म्हणून आधी चुकायचा मान माझा. मोठे मागून येतील आणि माझ्या चुका भरून काढतील." त्यानंतर आपल्या मुलखात चार पूल आहेत असं त्याने ठोकून दिलं होतं, आणि पुढच्याच पानावर खेथीसांनी उठून सांगितलं होतं की पूल तीनच आहेत, चौथा गेल्या पुरात वाहून गेला.

माथुसो मोठ्याने हसली. घरी हा माणूस एकदाही चुकला नव्हता. निदान तिच्यासमोर.

गुरुवारी नांगराने कागद वाचला. कंदिलाने वाचला. काडेपेटीने, बिल चांगलं असलं तरी ते आम्हीच आणायला हवं होतं, असा कागद वाचला. अध्यक्षीण बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणखी कुणाला बोलायचंय?"

माथुसो उठली. गावात ती उठायची तेव्हा दोनशे माणसांची मतं तिच्या पाठीशी असायची, त्यांतलं चांगलं ते वेचून बोलायचं. इथे पाठीशी कुणीच नव्हतं. जे काय बोलायचं ते आपलंच.

"मी इथे सगळ्यांत नवी," ती म्हणाली. "आधी चुकायला उठलेय."

राले ताठ बसला. खेथीसांनी डोळे उघडले.

तिने काबेलोचं सांगितलं. घोडा, दोन दिवस, जेवायला गेलेला कारकून. म्हणाली, मी हा कागद दहा मिनिटांत लिहून देते, त्यासाठी म्हाताऱ्याला डोंगर उतरायला का लावता? मग तिला पुढचं सुचेना. कायद्याचं कलम तिने सातवं म्हणून सांगितलं आणि खाली बसली.

तिचं बूड खुर्चीला टेकतंय न टेकतंय तोच राले उभा. "म्मेंचं बरोबर आहे, फक्त कलम सातवं नाही, नववं!" त्याच्यानंतर पश्चिमेचा. "दहा मिनिटांत कागद? मला दिवस जातो. मी आधी शेजाऱ्याला बोलावतो, मग बैलाचा कान बघतो." त्याच्यानंतर आणखी एक. "म्मे मुख्य गोष्टच विसरल्या. मी माणूस ओळखतो, म्हणून चोर माझ्याकडे येत नाही. कचेरीतला कारकून चोराला ओळखतो का?" माथुसोने कपाळावर हात मारला. एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्या ध्यानातच आली नव्हती! ते एकामागून एक उठत राहिले, तिला दुरुस्त करीत, तिच्यात भर घालीत. आठ महिन्यांचं तुंबलेलं बाहेर पडत होतं. नांगरवाला आपला कागद पुन्हापुन्हा बघत होता, पण त्यात याचं उत्तर नव्हतं.

सगळ्यांत शेवटी खेथीसा उठले. "पोर चुकली ती थोडी, बरोबर बोलली ती जास्त," एवढंच म्हणाले.

कागद मोरेनाकडेच राहावा, अशी दुरुस्ती लावून बिल खालच्या सभागृहाकडे परत गेलं. ते पुन्हा येऊ शकतं, हे माथुसोला माहीत होतं. पण काबेलोला तिने सांगेन म्हटलं होतं, आणि तिने सांगितलं.

बाहेर येते तो मोहालेचा फोन.

"वहिनी, रेडिओवर ऐकलं मी! सगळ्यांत आधी? गुराख्यासारखं? काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"भाऊजी, तुमचे भाऊ चार वर्षं सगळ्यांत आधी बोलत होते."

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा खट्ट आवाज आला. मग, "कुणी सांगितलं?"

"छापलंय. या कधीतरी, दाखवते."

चहाच्या खोलीत खेथीसांनी शेजारची खुर्ची काठीने पुढे ढकलली. ती बसली, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून निघालंच.

"आठ महिने, न्ताते! बिलामागून बिलं गेली. कुणीतरी कानात सांगायचं ना की बाई, आधी तुझी पाळी."

"राले येत होता विचारायला. मीच अडवला." खेथीसांनी माक्वेन्या चहात बुडवली. "मोरेनाला कोण शिकवणार? तुम्हाला काय करायचंय ते तुम्हाला ठाऊक असणार, असंच धरून चाललो आम्ही. गप्प आहेत, तर काही कारण असेल."

माथुसोने कप खाली ठेवला. एकोणिसाव्या वर्षी ती त्या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून घोंगडी कशी घडी करायची, किती हसायचं, कुणासमोर कुठे बसायचं, हे तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. सासूने, जावांनी, दिराने, शेजारच्या पोरांनीसुद्धा. फक्त या एकवीस जणांनी काही सांगितलं नाही, आणि ती समजत होती की हे आपल्याला मोजतच नाहीत.

"काय झालं?" खेथीसा म्हणाले. "चहा कडू आहे का, मोरेना?"

"नाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तिला रुमाल सापडेना.