वीज सोसायटीचा कंदील

त्र्याण्णव साली हे निवृत्त झाले आणि बेंगळूरला राजाजीनगरच्या घरात माझ्या डोक्यावर साहेब होऊन बसले. फोडणी पडली की झाकण उचलायचं, "श्यामला, गॅस मोठा झालाय" म्हणायचं. मल्लेश्वरमहून मी निवडून आणलेली भेंडी हे पुन्हा मोडून बघायचे. माझा अगदी जीव नकोसा झाला होता.

म्हणून गावच्या वीज सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो म्हणाले, तेव्हा पहिला पेढा मी वाटला. संचालक झाले की दर महिन्याला मीटिंगा, म्हणजे चार दिवस हे गावी आणि माझी झाकणं जागच्या जागी.

या सोसायटीत मीटर घेतला की शेअर घ्यायचा, आणि शेअर घेतला की खांब, तारा सगळ्याचे मालक आपणच. वीज गेली की शिव्याही मालकालाच, म्हणजे स्वतःलाच. मत मात्र प्रत्येकाला एकच, गिरणीवाला असो की एका बल्बाचा धनी. गावच्या घरात आमचे दोन मीटर, एक यांच्या नावावर, एक माझ्या.

समोर जुने संचालक अप्पासाहेब. यांना निशाणी मिळाली कंदील. वीज सोसायटीत कंदील! शेजारच्या विमलाक्कांनी कपाळावर हात मारला, "सरी होय्तु! झालं कल्याण!" तरी मी हटले नाही. बेंगळूरमधल्या गावकऱ्यांना चिवडा खाऊ घातला, बसमध्ये कोंबलं आणि मतदानाला नेलं. कंदिलावर शिक्का असा दाबला की बोट दुखलं.

संध्याकाळी शाळेत मोजणी झाली. अप्पासाहेब एका मताने निवडून आले.

गुलाल उडाला. हे माझ्याकडेच बघत होते.

"घरभेदी!"

"तुमची शपथ, मी कंदिलालाच दिलं. तुम्ही कोणाला दिलंत?"

यांनी मान ताठ केली. "अगं, स्वतःलाच मत द्यायचं? आपल्या घराण्यात स्वतःच्या पानात आधी वाढून घेत नाहीत. मी अप्पासाहेबांना दिलं. त्यांनी मला दिलंच असणार."

एवढ्यात हारांनी लादलेले अप्पासाहेब हात जोडत आले. मी विचारूनच टाकलं, "अप्पासाहेब, तुमचं मत कोणाला?"

"मलाच की वैनी! न्हाईतर उभा कशाला ऱ्हायलो?"

यांनी स्वतःला दिलं असतं तर हेच एका मताने आले असते. गेले माझे चार दिवस. मला भर शाळेत रडू आलं. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या पराभवाचं दुःख.

दुसऱ्या दिवशी राजाजीनगरात आमटी उकळत होती. मागून झाकण उचलल्याचा आवाज आला.

"मीठ घातलंस का?"

मी पान मांडलं आणि पळी यांच्या हातात दिली. "आधी स्वतःच्या पानात वाढून घ्या. सवय करा. पुढची निवडणूक पाच वर्षांनी आहे."