अर्ध्या किलोचं माप

बबिताची लेक जन्मली तेव्हा एक किलो नऊशे ग्रॅमची होती, आणि हा आकडा दुपारपर्यंत अख्ख्या वाडीला पाठ झाला होता. शिरूर कासारच्या पुढं माळावर बसलेली चाळीस उंबऱ्यांची वाडी ती. तिथं बातमीला मोबाईल लागत नाही, सुंदरबाई पुरते.

पाचवीच्या दिवशी सुंदरबाई बघायला आली. आल्या आल्या तिनं दुपट्याचं टोक दोन बोटांनी असं उचललं, जसं बाजारात वांगी बघतात.

"अगं बाई! हे लेकरू हाय का चिमणीचं पिल्लू? सासरी खायाला देत न्हवते का गं तुला, बबे?"

बबितानं दुपटं परत ओढून घेतलं. आठव्या महिन्यातच झाली पोर, त्याला ती तरी काय करणार? नवरा भागवत आणि सासू ऊसतोडीला गेलेले आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली. पण हे सांगायला आधी तोंड उघडावं लागतं, आणि बबिताचं तोंड लहानपणापासून मिटलेलं.

ती कसर तिची धाकटी बहीण करिष्मा भरून काढायची. करिष्मा नववीत. आठवीपर्यंत ही पोरगी हजेरी द्यायलासुद्धा लाजायची. पण या ऑगस्टमध्ये तिनं शाळेत भाषण ठोकलं, तालुक्याला पहिला नंबर आणला, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला जे पाय फुटले ते काही थांबेनात. जगातला कुठलाही प्रश्न बोलून सुटतो, असं तिला वाटायला लागलं होतं.

"माझ्या नातवाचं तर नुसतं डोकंच एवढं होतं," सुंदरबाई म्हणाली.

"म्हनूनच काकू," करिष्मा चुलीपासून ओरडली, "आजूनबी डोकंच मोठं हाय त्याचं, आत काय न्हाई!"

बाया फिसकन हसल्या. सुंदरबाईचं तोंड कडू कारल्यासारखं झालं. करिष्माला वाटलं, मारलं मैदान! पण बाया गेल्यावर बबिता हळूच म्हणाली, "तू बोलतीस, टाळ्या घेतीस, आन् दप्तर उचलून शाळंत जातीस. मागं मीच ऱ्हाते ना गं घरात. मग त्या मलाच दुप्पट बोलत्यात."



बारशाला पोरीचं नाव ठेवलं बानू. नाव ठेवणाऱ्या बायाच जाता जाता नावं ठेवून गेल्या. कुणी म्हणालं उंदरी, कुणी म्हणालं दुधाची पुडी. एकीनं तर विचारलं, "जगंल का गं?" आणि तेही पाळण्याची दोरी हातात धरून. बबिता पोरीला पदराखालून बाहेर काढेना. कुणी आलं की म्हणायची, "झोपलीया." वाडीत एवढं झोपणारं लेकरू दुसरं नव्हतं.

खरं तर बानू झोपायची कमी आणि प्यायची जास्त. दवाखान्यातून सोडताना नर्सनं सांगितलं होतं, पोर बारीक आहे, स्वतः उठून मागणार नाही, दर दोन तासांनी उठवायचं, आणि ओढायची ताकद नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्यानं पाजायचं. बबिता ते व्रतासारखं पाळायची.

पण अंगणवाडीतल्या वजनाच्या दिवशी पळायला जागा नव्हती. महिन्यातून एकदा तिथं खाऊची पाकिटं मिळायची, म्हणून सगळ्या बाया त्याच दिवशी गोळा व्हायच्या. आढ्याला काटा टांगलेला, त्याला कापडी झोळी. झोळीत लेकरू ठेवलं की काट्याच्या तबकडीकडं वीस मुंडकी वळायची.

पहिल्या महिन्यात काटा दोन किलो शंभरवर थांबला.

"आमच्या घरी साखर जास्त हाय याच्यापेक्षा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसू पिकलं.

अंगणवाडीच्या वनमालाबाई रागावल्या. "हसता काय? बबिता, नीट ऐक. पुढच्या महिन्यात वाढ बरोबर नसली, तर तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ. चौदा दिवस ॲडमिट करतात, दूध पाजायला शिकवतात, औषध देतात. लाजायचं नाही यात."

पण लाजायचं नाही म्हटल्यानं लाज जाते का? वाडीत त्या वॉर्डाला 'वाळल्या पोरांचा वॉर्ड' म्हणायचे. त्या संध्याकाळी बबिता चुलीपुढं बसून म्हणाली, "करिष्मे, मला तितं न्हेलं तर मी सासरी तोंड कसं दावू? लोक म्हनतील, हिला लेकरू पोसता आलं न्हाई."

ते वाक्य करिष्माच्या डोक्यात महिनाभर घुमत राहिलं. आणि जानेवारीच्या दोन तारखेला, वजनाच्या दिवशी, सकाळी, तिची नजर कोपऱ्यातल्या पाटीवर गेली.

त्या पाटीत आबांची मापं असायची. आबा म्हणजे धुळाजी, या दोघींचे वडील. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन गेवराईकडं, गोदावरीकाठच्या रानात जायचे, ते फाल्गुनापर्यंत. लोकर तोलायची लोखंडी मापं तेवढी घरी राहायची. खरं तर आबांना मापं लागायचीच नाहीत. कोकरू दोन्ही हातांवर घेऊन एकदा खालीवर केलं की ते वजन सांगायचे. व्यापाऱ्यानं नंतर काटा लावला तरी फरक पडला तर छटाकभर.

करिष्मानं अर्ध्या किलोचं माप उचललं. फडक्यात गुंडाळलं, दुपट्याच्या घडीत बानूच्या पाठीखाली ठेवलं, वरून दुसरं दुपटं. बाहेर बोचरा वारा होता.

"बाई, कपडे नका काढू, हिला लगीच सर्दी होती," ती वनमालाबाईंना म्हणाली. भाषणात बक्षीस घेतलेली पोरगी, तिच्यावर कोण शंका घेणार? वनमालाबाईंनी दुपट्यांचं वजन म्हणून काटा आधीच शून्याच्या थोडा मागं लावला.

काटा तीन किलोला टेकला.

 सुंदरबाई पुढं झुकली, डोळे बारीक करून तबकडी बघितली आणि म्हणाली, "आं? भरली की गं पोर!"

बबिता हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा, दात दिसेपर्यंत. वनमालाबाईंनी वहीत दवाखान्याच्या रकान्यावर काट मारली. करिष्मानं पोर झोळीतून स्वतः उचलली, गर्दीत माप सरकवून दप्तरात टाकलं. तिला वाटलं, हे भाषणापेक्षा भारी झालं. एक शब्द न बोलता सगळ्यांची तोंडं बंद!

संध्याकाळी अंगाला तेल लावताना बबितानं विचारलं, "हिच्या पाठीवर हा गोल वळ कशाचा गं?"

"झोळीची गाठ रुतली आसंल," करिष्मा म्हणाली. बबितानं वळावर हळद लावली, फुंकर घातली. करिष्मा उठून बाहेर गेली.

पुढचे दिवस घरात सणासारखे होते. बबिता पोरीला पदरानं न झाकता नळावर घेऊन जायला लागली. आईनं, मनकर्णानं, सांगितलं, "आता भरली ना? मग दर दोन घंट्याला कावून उठवतीस? झोपंत लेकरू वाढतंय." वाटी-चमचा फळीवर गेला. बानूही शहाणी, उठायचीच नाही. रडायचं तर विसरूनच गेली. ज्या बाया तिला उंदरी म्हणायच्या त्याच आता म्हणायच्या, "लई गुनाची लेक, रडत सुदीक न्हाई!" आणि बबिताला ते इतकं गोड लागायचं की करिष्माच्या ओठावर आलेलं परत पोटात जायचं. उद्या सांगू, ती म्हणायची. आक्का आज हसतीय, आज नको.

असे वीस दिवस गेले.

मग एका दुपारी आबा आले. मेंढरं गड्याच्या भरवशावर टाकून, एका दिवसासाठी, नातीचं तोंड बघायला. पाय धुतले, घोंगडीवर बसले आणि दोन्ही हात पुढं केले. "आन बरं आमच्या बानाईला."

बबितानं मोठ्या तोऱ्यात पोर हातांवर ठेवली. आबांनी तिच्याकडं बघितलं, हसले, आणि सवयीनं हात एकदा खालीवर केले. मग थांबले. पुन्हा एकदा केले.

हसू गेलं.

"किती भरली म्हनलीस फोनवर?"

"तीन किलो, आबा."

"कोन म्हनलं?"

"काटाच म्हनला की! समद्या बाया होत्या."

"काटा खोटा हाय." आबांनी पोरीची हनुवटी वर केली, बोटानं गाल दाबला, तो दाबलेलाच राहिला. "ही आडीचच्या वर न्हाई. आडीच बी न्हाई. बबे, हिच्यात जीव कमी हाय गं."

बबिताचा चेहरा असा झाला, जसा कुणी भरल्या घागरीला दगड मारावा. "आबा," ती म्हणाली, "गाव बोललं, मी आयकलं. आता कुटं बंद झालं हुतं. आता तुमीबी बोलता? तुमीबी?" आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली, मोठ्यानं, जसं ती सुंदरबाईसमोर कधी रडली नव्हती.

"आगं मी टोमना न्हाई मारत, लेकी..."

"द्या माझी पोर हिकडं!"

करिष्मा दारात उभी होती. गणवेशात, दप्तर खांद्यावर.  ती कोपऱ्यात गेली, पाटीतून माप काढलं, आणि आबांच्या पुढ्यात घोंगडीवर ठेवलं. सोबत ते फडकंही ठेवलं.

आबांना लगेच कळलं. मनकर्णाला विचारावं लागलं. बबिता मापाकडं बघत राहिली, मग तिनं बानूला पालथी घातली आणि पाठीवर हात फिरवला. वळ केव्हाच गेला होता. तरी तिनं तिथंच हात फिरवला.

"मला वाटलं तुला कुनी बोलू नी..." करिष्मा म्हणाली.

  बबितानं पोर उचलली आणि अंगणवाडीची वाट धरली. मागं आबा, त्यांच्या मागं करिष्मा. नळावर बाया होत्या, सुंदरबाईही. एवढ्या घाईनं कुठं, म्हणून त्या मागं आल्या.

काटा अजून आढ्यालाच होता. बबितानं स्वतःच्या हातानं दुपटी काढली, झबलं काढलं, टोपडं काढलं. उघडी बानू झोळीत ठेवली. ती थंडीनंसुद्धा रडली नाही.

"दोन किलो तीनशे," बबितानं स्वतः मोठ्यानं वाचलं, आणि वळून बायांकडं बघितलं. "बघा समद्यांनी. दोन किलो तीनशे. आता काय म्हनायचं ते म्हना."

 सुंदरबाईनं खांद्यावरची शाल काढून पोरीवर टाकली आणि मान फिरवली. वनमालाबाई फोन लावत होत्या. अर्ध्या तासात जीप आली.

तालुक्याला गेल्यावर पहिले तीन दिवस नळीनं दूध द्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणायला हवी होती. आबांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी करिष्माकडं बघायचं टाळलं. बबिता रोज आईला फोन करायची, आकडा सांगायची, ठेवून द्यायची. करिष्माला दे, असं एकदाही म्हणाली नाही. शाळेत प्रजासत्ताक दिनाच्या भाषणाला करिष्माचं नाव होतं. तिनं सरांना सांगितलं, घसा बसलाय. नशीब, सरांनी तोंड उघडून दाखवायला सांगितलं नाही. घसा चांगला होता.

रविवारी भाकऱ्या घेऊन ती वॉर्डात गेली. आठ खाटा, आठ आया, आठ बारीक लेकरं. बबिता बानूला वाटी-चमच्यानं पाजत होती. वर बघितलं, "ठिव तितं," एवढंच म्हणाली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवर भेटायला आलेली एक जाडजूड बाई वाकली आणि म्हणाली, "बाई गं, केवढुसं हे! दोन म्हैन्याचं म्हनं! वाटतं तरी का?"

करिष्माचं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. तिनं बबिताकडं बघितलं आणि मिटलं.

बबितानं चमच्यातला थेंब सांडू दिला नाही. "हां मावशी," ती शांतपणे म्हणाली, "बारीकच हाय. म्हनून तर हितं हाय."

ती बाई "बरं बरं" म्हणत खाटेच्या पलीकडं सरकली.

मग नर्सनं दारातून हाक मारली, वजनाला आणा. बबिता उठली नाही. तिनं बानूचं तोंड पुसलं आणि तिला करिष्मापुढं धरलं.

"तू ने."

"मी?"

"तूच. कपडे काढून."

करिष्मानं पोर हातांवर घेतली. टेबलावर तिनं दुपटं काढलं, झबलं काढलं, टोपडं काढलं. हातातले मणी काढले. कमरेचा काळा दोरा कुणी काढत नाही, नर्सही म्हणाली राहू दे गं, त्याला काय वजन असतं. पण तिनं तोही सोडला. काटा इथं आकड्यांचा होता. लाल आकडे पळाले, थांबले.

काल दोन किलो तीनशे नव्वद होती. आज तीनशे सत्तर.

ती तशीच उभी राहिली. तिथून खाटेपर्यंत पंधरा पावलं. पंधरा पावलांत वीस ग्रॅम वाढवायला कितीसा वेळ लागतो? बबिता खाटेवरून तिच्याच तोंडाकडं बघत होती.

करिष्मानं पोरीला गुंडाळलं, आणून बहिणीच्या मांडीवर ठेवलं.

"दोन तीनशे सत्तर," ती म्हणाली. "कमी झालं, आक्का. ईस ग्रॅमनं."

बबितानं डोळे मिटले.  मग हात पुढं केला.

"वाटी दे," ती म्हणाली. "आन् चमचा."