वडाच्या वर गाडी नको

मनुबाई गेल्याचं मला खोपटच्या एसटी डेपोसमोर कळलं. मी तिच्यासाठी पेज घेऊन हॉस्पिटलात निघालेलो. पुतण्या चंदू समोरून आला, माझ्या हातातला डबा घेतला आणि म्हणाला, "काका, आता पेज नको."

पावसाळा सरल्यावर त्याच जागी तिचा चेहरा बघितला. भिंतीएवढ्या पाटीवर, हातात भाकरी घेऊन हसणारी माझी बायको. खाली लिहिलेलं, तळ्याकाठी राहा, आदिवासी पाहुणचार घ्या, गाडी थेट दारापर्यंत.

तो फोटो कधीचा ते मला माहीत आहे. ती जायच्या आदल्या वर्षी पर्यटनाचे साहेब डोंगरामागच्या आमच्या पाड्यावर आलेले. तळ्याची दरी जपून लोक आणायचे, आराखडा पाड्याला विचारूनच करायचा, असं म्हणाले. आम्ही बाप्ये माना डोलवत बसलो. मनुबाई भाकरी थापता थापता बोलली. गाड्या खाली वडापाशी थांबवा, वर सगळ्यांनी पायी यायचं. जेवण पाड्यातल्या बायका घालतील. अंधार पडायच्या आत परत, कारण रात्री जनावरं पाण्यावर येतात.

साहेब हसून म्हणाले, "आणि बाई, पाय दुखले तर?"

"दुखले तर बसा. तळं काय पळून जातंय?"

सगळे हसले. साहेबांनी तिचा फोटो काढला. आम्हाला वाटलं, फोटो काढला म्हणजे शब्द धरला. पाड्यानं वडाखालची जागा झाडून, दगड उचलून साफ केली.

आता डांबरी रस्ता वडाला वळसा घालून थेट तळ्यावर गेलाय. काठाला राहायच्या खोल्या. जेवण बाहेरून येतं, आमच्या बायका भांडी घासतात. फाटकावरचा वॉचमन मलाच विचारतो, कुठे चाललास?

वर्तकनगरच्या ऑफिसात जाऊन मी साहेबांना सांगितलं, ती बोलली ते करा, नाहीतर तिला त्या पाटीवरून उतरवा. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "अहो, अभिमान वाटायला हवा तुम्हाला. सगळं ठाणं तिला बघतंय."

"ती काय बोलली ते कुठे लिहिलंय, साहेब?"

ते फोन घ्यायला उठले. चहा मी तसाच ठेवून आलो.

पाटीवर डांबर फासतो, असं चंदू म्हणाला. मीच त्याला अडवलं. घरात तिचा एकही फोटो नाही.

वडापाशी अजून एकही गाडी थांबलेली नाही. पाटीही उतरलेली नाही.