पाचव्या आवृत्तीतलं मरण

दंतवैद्याच्या लेखी जगात वाया गेलेली माणसं दोन प्रकारची होती. रोज दात घासतो असं खोटं सांगणारी, आणि भुयाराची दुसरी आवृत्ती सोडून भलत्याच आवृत्तीवर खेळणारी. पहिल्यांचे दात तो काढायचा. दुसऱ्यांना तो माणसांतच धरत नसे.

'भुयार' हे खेळाचं नाव त्याच्या मंडळींनीच ठेवलेलं. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण सूत्रधार. तो सांगणार, "समोर दार आहे, दाराआड कुणीतरी घोरतंय," आणि बाकीच्यांनी आपलं पात्र आता काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. नियमांचा जाडजूड ग्रंथ असतो, आणि काही वर्षं गेली की त्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघते. ती निघाली की जुने खेळाडू एकमेकांची तोंडं पाहत नाहीत.

खेळ चालायचा दंतवैद्याच्या दवाखान्यात, रुग्णांनी ताटकळत बसायच्या खोलीत, रविवारी दुपारी. लवंगेच्या तेलाचा वास भिंतींत मुरलेला. टेबलावर किल्ले म्हणून रुग्णांच्या दातांचे प्लास्टरचे साचे मांडलेले. एका बाईंची अख्खी कवळी कितीतरी वर्षं राक्षसाची गुहा म्हणून नांदत होती. सूत्रधार अर्थातच दंतवैद्य. खेळायला त्याची धाकटी बहीण, शेजारच्या दुकानातला चष्मेवाला आणि शाळेच्या ग्रंथालयातल्या ग्रंथपाल बाई. अलीकडे बहिणीचा नवराही येऊ लागला होता. तो विमा कंपनीत होता, आणि दंतवैद्य त्याला 'जावईबापू' म्हणायचा. त्यात आदर औषधालाही नसायचा.

कुणी नव्या आवृत्तीचं नुसतं नाव काढलं, तरी दंतवैद्याचं नाक वर जायचं.

"तिसरी? ती कारकुनांनी कारकुनांसाठी लिहिलीय. खड्ड्यावरून उडी मारायची तर आधी पानभर बेरजा करा. तोवर खड्डा बुजतो. चौथीत सगळ्यांनाच जादू येते, जादूगारालाही आणि त्याच्या घोड्यालाही. आणि पाचवी म्हणजे बालवाडी. पडलास? अरेरे. ऊठ बाळा, काही झालं नाही, मुंगी मेली."

दुसऱ्या पद्धतींचीही गत हीच. शेकडेवारीवर चालणारी एक पद्धत होती. "म्हणजे माणूस अठ्ठेचाळीस टक्के शूर," तो म्हणायचा, "उरलेला बावन्न टक्के बँकेत." ग्रंथपाल बाईंनी एकदा भीतभीत पत्त्यांचा खेळ आणला होता. त्यात फासाच नव्हता. पत्ता उचलायचा आणि आपल्या पात्राला कशाची भीती वाटते ते सांगायचं. दंतवैद्यानं पत्ते दोन बोटांच्या चिमटीत धरून परत दिले, किडका दात ट्रेमध्ये टाकतात तसे. "याला समुपदेशन म्हणतात, बाई. खेळ नाही."

त्याची दुसरी आवृत्ती मात्र करारी होती. प्राण शून्यावर आले की माणूस मेला. रडारड नाही, नवा कागद घ्या. चष्मेवाल्यानं इतके योद्धे पुरले होते की तो आता त्यांना नावं ठेवायच्या भानगडीतच पडत नसे. कागदावर 'योद्धा, पुढचा' एवढंच लिहायचा. दंतवैद्याला त्याचा फार अभिमान होता. आपल्या टेबलावर माणसं खरंच मरतात, असं तो सांगायचा.

एका रविवारी कुणी आलंच नाही. दंतवैद्यानं साचे मांडले, खुर्च्या सरकवल्या, वाट पाहिली आणि शेवटी बहिणीला फोन लावला.

"अगं, आहात कुठे?"

"आमच्या घरी," बहीण म्हणाली. मागे फासे टेबलावर घरंगळल्याचा आवाज आला. "दादा, तुला सांगणारच होते. आम्ही पाचवी घेतलीय. हेच सूत्रधार आहेत. सारखं मरून मरून कंटाळा आला रे. गोष्ट कधी पुढे जातच नाही."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

त्यानं टेबलावरची कवळी उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

"ये ना तूही," ती म्हणाली. "सूत्रधार नको होऊस. नुसता खेळ."

महिनाभर तो गेला नाही. मग गेला, पण खेळायला नव्हे. पाचव्या आवृत्तीत मरताच येत नाही, हे त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करायचं, असं ठरवूनच तो बहिणीच्या जेवणाच्या टेबलाशी बसला. त्यासाठी त्यानं एक बुटका योद्धा केला. नाव विचारलं तर म्हणाला, "बुटका. नाव कशाला? हा मरायला आलाय."

"सगळे जगायला येतात, दादा," मेहुणा समजुतीनं म्हणाला.

"तुमच्या आवृत्तीत तेवढंच येतं ना करता, जावईबापू."

मेहुण्यानं तिकडे कानाडोळा केला आणि नियम सांगितला. प्राण शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडतं. मग पाळी आली की फासा टाकायचा. तीन चांगले पडले तर जगलं, तीन वाईट पडले तर संपलं. तोवर कुणी मंत्र म्हणून उठवलं तर ते उठून पुन्हा लढू शकतं.

"म्हणजे मेलेल्याला तीनदा विचारायचं, बाबा रे, नक्की ना?" दंतवैद्य म्हणाला. चष्मेवाला हसला. मग बाकी कुणी हसत नाही हे पाहून चहा प्यायला लागला.

पहिल्याच दुपारी बुटक्यानं कड्यावरून उडी टाकली. पडला, बेशुद्ध झाला. ग्रंथपाल बाईंचं पात्र म्हणजे एक वैद्यीण. तिनं वरूनच मंत्र म्हटला आणि बुटका उठून बसला.

"पाहिलंत?" दंतवैद्य म्हणाला.

पुढच्या रविवारी बुटका लांडग्यांच्या कळपात रिकाम्या हातानं शिरला. चष्मेवाल्याच्या योद्ध्यानं त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. "पाहिलंत?" त्यानंतर त्यानं विषाची बाटली तोंडाला लावली. वैद्यिणीनं तेही उतरवलं. "पाहिलंत?" प्रत्येक वेळी तो खुर्चीत मागे रेलायचा आणि उलटतपासणी जिंकलेल्या वकिलासारखा सगळ्यांकडे पाहायचा. एकदा ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आम्ही वाचवतो म्हणून तुम्ही वाचता. त्यात आवृत्तीचा काय संबंध?" त्यानं ते कानाआड केलं. वाचनालयात बसून माणूस असंच बोलायला लागतो, असं त्याला वाटलं.

खेळाचं घोडं मात्र पेंड खात होतं. मंडळींना एका बुरुजात कोंडलेल्या लोकांना सोडवायचं होतं. दर रविवारी ते बुरुजाकडे निघायचे आणि दर रविवारी निम्मी दुपार बुटक्याला उचलण्यात जायची.

शेवटी ते पोचले. बहिणीचं पात्र म्हणजे साळुंकी नावाची चोरटी, सडपातळ, बडबडी पोर. ती दोरावरून बुरुजाच्या माथ्यावर चढली आणि कुलूप उघडायला बसली. खाली दारापाशी एक राक्षस झोपला होता. बेत एवढाच होता की त्याला झोपू द्यायचं.

"बुटका राक्षसाच्या नाकावर लाथ मारतो," दंतवैद्य म्हणाला.

मेहुण्यानं त्याच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"तीनदा विचारायची सवयच आहे तुम्हाला."

राक्षस उठला. बुटका एका फटक्यात आडवा झाला. वैद्यिणीकडे एकच मंत्र उरला होता. ग्रंथपाल बाईंनी कागदावरून बोट फिरवलं, वर बहिणीकडे पाहिलं आणि मंत्र बुटक्यावर खर्च केला. "माणूस पडलाय समोर," त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या.

"पाहिलंत?" दंतवैद्य म्हणाला.

गोंगाटानं वरचे पहारेकरी जागे झाले. दोघांनी साळुंकीला गाठलं. तिचे प्राण शून्यावर आले. वैद्यीण रिकामी झाली होती. चष्मेवाल्याचा योद्धा जिन्याकडे धावला, पण जिन्यात राक्षस उभा होता. बहिणीनं फासा टाकला. वाईट. पुन्हा पाळी आली, पुन्हा वाईट. योद्धा दोन पायऱ्या चढला. तिसऱ्यांदा फासा टाकताना तिनं तो मुठीत जरा जास्त वेळ धरला. तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला, चहाच्या कपाला अडला आणि थांबला.

वाईट.

"संपली," मेहुणा म्हणाला. मग बायकोचा चेहरा पाहून घाईनं, "हे बघ, आपण असं करू..."

"नको," बहीण म्हणाली. "नियम आहे ना. राहू दे." तिनं कागदाची घडी घातली. "नाव बाबांनी सुचवलं होतं. हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा. मी शेजारी बसून हिचा कागद भरत होते, तर म्हणाले, एवढी बडबड करते तर साळुंकी ठेव."

दंतवैद्याला हे ठाऊक नव्हतं. वडिलांच्या त्या शेवटच्या आजारपणात तो रोज जायचा, डॉक्टरांशी डॉक्टरांच्या भाषेत बोलायचा आणि निघायचा. बहीण तिथे बसून काय करते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं मेहुण्यापुढचा पाचव्या आवृत्तीचा ग्रंथ ओढून घेतला. इतके रविवार त्यानं त्याला बोट लावलं नव्हतं. आता तो पानं उलटायला लागला, आधी सावकाश, मग भराभर. मेलेल्याला उठवायचे मंत्र होते, पण ते थोर वैद्यांचे. ग्रंथपाल बाईंची वैद्यीण त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हती. त्यानं शेवटचं परिशिष्टसुद्धा पाहिलं.

"काहीतरी असेल ना यात," तो म्हणाला. "एवढं सगळं मऊ करून ठेवलंय, तर इथेच काय झालं? जावईबापू, फासा कपाला अडला. अडलेला फासा धरत नाहीत. पुन्हा टाकायला द्या तिला."

"दुसऱ्या आवृत्तीत दिला असता?" मेहुण्यानं विचारलं.

दंतवैद्यानं ग्रंथ मिटला.

"चष्मेवाल्यांना कधी दिलात?" मेहुण्याचा आवाज चढलेला नव्हता. विम्याचा दावा फेटाळताना तो असाच बोलत असावा. "तुम्ही आमच्याकडे खेळायला आला नव्हतात, दादा. आम्ही किती बावळट आहोत ते मोजायला आला होतात. तेही चाललं असतं. पण त्याचा भुर्दंड हिला पडला."

"मला काय माहीत, की..."

"माहीत करून घ्यायचंच नव्हतं तुम्हाला."

खेळ पुढे सरकला. योद्ध्यानं राक्षसाला चकवून वर धाव घेतली आणि साळुंकीला पाठीवर घेतलं, वैद्यिणीनं कोंडलेली माणसं बाहेर काढली आणि सगळे मागच्या भिंतीवरून उतरले. दंतवैद्याची पाळी येईपर्यंत ते रानात पोचलेसुद्धा होते.

"आणि बुटका?" त्यानं विचारलं.

मेहुण्यानं बाकीच्यांकडे पाहिलं. ग्रंथपाल बाई कागद आवरत होत्या. उत्तर दिलं ते चष्मेवाल्यानं, ज्याचे कितीतरी योद्धे दंतवैद्यानं हसत हसत पुरले होते. "बुटका राहू दे तिथेच."

"म्हणजे मेला?"

"छे," चष्मेवाला म्हणाला. "अगदी ठणठणीत आहे. आम्ही परत येत नाही, एवढंच."

दंतवैद्य उठला. दारात चपला घालताना त्याला वाटलं, कुणीतरी हाक मारेल. आत कपबश्या उचलल्याचा आवाज येत होता.

पुढचे दोन रविवार तो दवाखान्यात एकटाच बसला. समोर स्वतःची दुसरी आवृत्ती उघडी होती, पण तिच्याशी भांडायला कुणी नव्हतं, आणि भांडणाशिवाय ती वाचण्यात त्याला काही राम वाटेना. तिसऱ्या आठवड्यात त्यानं बहिणीला फोन केला.

"साळुंकीचं वाईट झालं," तो म्हणाला. इतकं सरळ वाक्य तिला उद्देशून तो बऱ्याच वर्षांनी बोलला असेल.

"हो," बहीण म्हणाली.

"मी येऊ का रविवारी?"

"बुटका आणायचा नाही."

"नाही."

"वैद्य करून आण. बाई एकट्या पुऱ्या पडत नाहीत. आणि आवृत्तीवर एक अक्षर बोलायचं नाही."

"अगं पण या आवृत्तीतला वैद्य म्हणजे नुसता..."

"दादा."

"बरं," तो म्हणाला.

दुपारच्या सुट्टीत त्यानं पाचवी आवृत्ती विकत आणली. दुकानदारानं ओळखीचं हसून काहीतरी विचारलं, तेव्हा त्यानं पुतण्यासाठी घेतोय असं सांगितलं. पुतण्या त्याला नव्हता. मग दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून, तो वैद्याचा कागद भरू लागला. प्रत्येक नियमाला त्याच्या तोंडून एक 'हॅ' निघत होता. मंत्र मात्र त्यानं सगळे माणसं उठवायचे निवडले.